पडद्यापुढची जागा

"एकच जागा मिळेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "तुमच्या पॉइंट्समध्ये बिझनेस क्लासची एकच बसते. आणि खरं सांगायचं तर आजच्या विमानात तेवढी एकच उरलीय."

एव्हर्टने बाजूला पाहिलं. हिले एका पायावर भार टाकून उभी होती. तिचा डावा खुबा गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरत होता.

"मग हिच्या नावावर करा," तो म्हणाला.

"काहीतरीच काय!" हिले पुढे झाली. "पॉइंट्स याचे आहेत हो. तीस वर्षं गुडघे पोटाशी घेऊन बसलाय माझा नवरा. यालाच द्या."

"अगं, पण तुझा खुबा..."

"खुबा कुठेही दुखायचाच. तू आधी बस. जेवण झालं की मी येईन पुढे, तू जा मागे. अर्धं अर्धं."

काउंटरवरची मुलगी हसली. "अदलाबदलीचं विमानातल्या लोकांना विचारा. बहुतेक नाही म्हणत नाहीत."

एव्हर्टने आणखी एकदा नको म्हणायला हवं होतं. तो म्हणाला नाही. पासपोर्ट पुढे सरकवताना आपल्या मनात आनंदाची उकळी फुटलीय, हे त्याला कळलं आणि त्याने घाईघाईने दुसरीकडे पाहिलं. ते काही सहलीला निघाले नव्हते. हिलेची धाकटी बहीण फेमी कॅनडात मरणाच्या दारात होती.

एव्हर्टची सगळी नोकरी नेदरलँड्समधल्या बार्नेव्हेल्डच्या एका कारखान्यात झाली. तिथे अंडी निवडायची यंत्रं बनत. वजनाप्रमाणे अंडी वेगळी करायची, तडकलेली बाजूला काढायची. ही यंत्रं जगभर जात आणि त्यांच्यामागे जोडणी करायला एव्हर्ट जाई. चिली, कझाकस्तान, थायलंड. कंपनी तिकीट काढी ते मागच्या रांगांतलं. पॉइंट्स मात्र त्याच्या नावावर जमत. दर वेळी विमानात चढताना त्याला पुढच्या रुंद खुर्च्यांमधून चालत मागे जावं लागे. बूट काढून, हातात पेला घेऊन बसलेली माणसं त्याच्याकडे पाहतही नसत. तो घरी आला की म्हणे, "निवृत्त झालो ना हिले, की आपण दोघं पुढे बसून फेमीकडे जाऊ. आडवं पडून. महाराणीसारखं नेतो तुला."

तो परदेशी असताना दोन्ही मुलींचे ताप हिलेने एकटीने काढले होते, वाढदिवसाला खोलीत पताका एकटीने लावल्या होत्या. महाराणीचं ऐकलं की ती म्हणे, "महाराणीला आधी तळघरातली गळकी नळी दुरुस्त करून दे."

फेमी बाविसाव्या वर्षी लग्न करून कॅनडातल्या चिलिवॅकला गेली, ती तिथल्या गाईंचीच झाली. दर रविवारी चर्चहून आलं की हिले तिला फोन लावी आणि दोघी तासभर कुणाच्या तरी तक्रारी करत. दोन वर्षांपूर्वी हिले एकदा म्हणाली होती, "साध्या तिकिटाने जाऊन येऊ या का? फेमी सारखी बोलावतेय."

"थोडं थांब," एव्हर्ट म्हणाला होता. "दोघांच्या जागांना अगदी थोडेच पॉइंट्स कमी पडतायत. आता साध्याने गेलो तर इतकी वर्षं जमवले कशाला? फेमी काय कुठे पळून चाललीय?"

मग विमान कंपनीनेच पुढच्या जागेला लागणारे पॉइंट्स वाढवले. एव्हर्ट निवृत्त झालेला, नवे पॉइंट्स यायचे कुठून? तो पॉइंट्स देणाऱ्या कार्डावर किराणा आणू लागला, मुलीच्या घराच्या फरश्यादेखील त्याने स्वतःच्या कार्डावर घेतल्या. अशातच वसंत ऋतूत फेमीच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. आणि आदल्याच दिवशी तिच्या मुलाचा, आरेन्डचा फोन आला. "मावशी, यायचं असेल तर आत्ताच ये."

विमान दुपारी निघालं. मुख्य हवाईसुंदरी पन्नाशीची, चष्मा लावणारी, बोलायला मोकळी होती. एव्हर्टने अदलाबदलीचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जेवणाची भांडी उचलली की आणा त्यांना. माझं लक्ष नव्हतं असं समजा."

आपले पाय इतके लांब आहेत हे एव्हर्टला विमानात पहिल्यांदाच कळलं. गरम रुमाल आला, त्याने तोंड पुसलं. पांढऱ्या कापडावर सुरे-काटे मांडले गेले. मासा आला, मग वासराचं मांस, मग चीज, आणि चीजबरोबर गोड वाइन. मागे हिले आता रबरी पास्ता खात असेल, किंवा घरून आणलेले मनुकांचे पाव काढले असतील, असं त्याच्या मनात आलं. त्याने चीजचा एक तुकडा तिच्यासाठी कागदी रुमालात गुंडाळून ठेवला. त्यामुळे त्याला थोडं बरं वाटलं.

भांडी उचलली गेली. त्याने एक कळ दाबली आणि खुर्ची हळूहळू आडवी होत गेली. हे एकदा नुसतं करून पाहावं, पाच मिनिटं पडावं आणि मग हिलेला आणावं, असा त्याचा बेत होता. खिडक्यांची झापडं खाली ओढली होती. दुलई हलकी आणि ऊबदार होती.

मध्येच त्याला जाग आली. म्हणजे डोळे उघडले नाहीत, पण सगळं कळत होतं. बराच वेळ गेलाय हे कळत होतं. हिलेची पाळी केव्हाच सुरू झालीय हेही कळत होतं. आणि जवळ कुणीतरी उभं आहे असं वाटत होतं. हवाईसुंदरी असेल, त्याने मनाशी म्हटलं. हिले असेल तर हाक मारेल. हाक मारली की उठू. कुणी हाक मारली नाही. त्याने दुलई कानापर्यंत ओढून घेतली आणि तो कुशीवर वळला.

पुन्हा जाग आली ती कॉफीच्या वासाने. खिडक्यांची झापडं वर केलेली होती आणि खाली बर्फाचे डोंगर उन्हात चमकत होते.

"काय गाढ झोपलात हो!" हवाईसुंदरी म्हणाली. "तुमच्या बाई येऊन गेल्या. मी म्हटलं उठवू का, तर म्हणाल्या राहू दे."

"कधी?"

"झाला की बराच वेळ. उभ्या राहिल्या इथे जरा, आणि गेल्या परत."

एव्हर्ट मोज्यांवरच उठला. पडदा बाजूला करून मागे गेला. रांगांमागून रांगा, सगळीकडे चुरगळलेली पांघरुणं. हिले मधल्या खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या शेजारी मूळची सुरिनामची एक धिप्पाड बाई होती आणि हिलेचा हात त्या बाईच्या दोन्ही हातांत होता.

"हिले," तो म्हणाला. "अगं, मला झोप..."

"फेमी गेली," हिले म्हणाली.

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "कुणी सांगितलं?"

"आरेन्डचा मेसेज आला मोबाइलवर, विमानातल्या वायफायवरून. आपण निघालो तेव्हा तिला कळत होतं म्हणे. मग नाही."

"मग मला उठवलं का नाहीस?"

"तू झोपला होतास."

बाहेर वारा आहे, असं कुणी सांगावं तशा आवाजात तिने ते सांगितलं. शेजारची बाई त्याला पायांपासून वरपर्यंत न्याहाळत होती.

"म्हणजे तुम्हीच का एव्हर्ट?" ती म्हणाली. "मी मिल्ड्रेड. रॉटरडॅमला ट्राम चालवते. पुढे गाद्या मऊ असतात म्हणे?"

"मिल्ड्रेड, जाऊ दे," हिले म्हणाली.

"जाऊ देते ना, ताई. मी काय बोलले?" मग जरा नरमून ती एव्हर्टला म्हणाली, "माझ्याजवळची बटाट्याची रोटी अर्धी खाल्लीय त्यांनी. तेवढंच पोटात आहे. आणि रडल्यात बऱ्याच, पण हसलोही आम्ही. ती तळ्यावरची गोष्ट! बर्फ फुटलं आणि यांनी बहिणीला वेणीला धरून ओढून काढलं, आणि वर आल्यावर ती म्हणते, माझी वेणी का विस्कटलीस!"

हिलेच्या ओठांच्या कडा हलल्या. एव्हर्टने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती.

"आता तू जा पुढे," तो म्हणाला. "पाय तरी लांब कर. मी बसतो इथे."

"आता कुठे? उतरायचंच आहे."

तेवढ्यात पट्टे बांधायची सूचना झाली आणि एका हवाईसुंदरीने त्याला आपल्या जागेवर जायला सांगितलं. तिथे त्याला बसायला रिकामी खुर्चीही नव्हती. तो पडद्यापलीकडे गेला. रुंद खुर्चीत एकटा, पाठ न टेकता बसला. कागदी रुमालातला चीजचा तुकडा घामेजून मऊ झाला होता. विमान उतरल्यावर पुढच्या माणसांना आधी सोडलं. एव्हर्ट बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला आणि सगळं विमान त्याच्यासमोरून निघून गेलं, तेव्हा शेवटी शेवटी हिले आली. सुजलेल्या पायांमुळे तिने बुटांच्या नाड्या मोकळ्या सोडल्या होत्या. तिची पिशवी मिल्ड्रेडने घेतली होती. एव्हर्टने हात पुढे केला तेव्हा मिल्ड्रेडने क्षणभर विचार केला आणि मग पिशवी दिली.

आरेन्डच्या स्वयंपाकघरात त्या आठवड्यात माणसांची रीघ होती. शेजारी भांडी भरभरून जेवण आणत, दारात बूट काढत, कॉफी घेत. गाईंची धार काढणं काही थांबत नव्हतं, त्यामुळे घरातले पुरुष आळीपाळीने गोठ्यात जात. फेमी बाहेरच्या खोलीत शवपेटीत होती. हिले सकाळी उठून आधी तिच्याजवळ जाऊन बसे आणि मग बाहेर येऊन कांदे चिरायला घेई.

"काका, प्रवास कसा झाला?" आरेन्डच्या बायकोने एकदा विचारलं. "पुढच्या जागेवरून आलात म्हणे!"

एव्हर्ट उत्तर द्यायच्या आत हिले म्हणाली, "अगं, इतका गाढ झोपला होता! मी गेले होते उठवायला. पण लहान मुलासारखी दुलई ओढली त्याने कानापर्यंत आणि वळला कुशीवर. मला उठवावंसंच वाटलं नाही."

सगळे हसले. एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने एव्हर्टच्या पाठीवर थाप मारली. "नशीबवान आहेस बाबा. माझ्या बायकोने बादलीभर पाणी ओतलं असतं."

एव्हर्टने कप खाली ठेवला. म्हणजे त्या वेळी ती तिथेच उभी होती. हातात तो मेसेज घेऊन उभी होती आणि तिच्यासमोर त्याने दुलई ओढून घेतली होती. त्याने वर पाहिलं. हिले त्याच्याकडेच पाहत होती. झोपलेला माणूस कसा वळतो आणि जागा माणूस कसा वळतो, हे चाळीस वर्षं त्याच्याशेजारी झोपलेल्या बाईला कळत नसेल असं त्याला क्षणभरही वाटलं नाही. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर त्याने माफी तरी मागितली असती. ती वळली आणि तिने म्हाताऱ्याच्या कपात कॉफी ओतली.

त्या दिवसानंतर ही गोष्ट ती आणखी दोघा-तिघांना सांगताना त्याने ऐकली. दर वेळी तशीच, मायेने, हसत. दर वेळी तो खाली पाहत उभा राहिला. एकदा गोठ्यामागे ती एकटी भेटली तेव्हा तो म्हणाला, "हिले, मी त्या वेळी..."

"आरेन्डने तुला एक काळा टाय काढून ठेवलाय," ती म्हणाली. "तुझा घरीच राहिला."

शनिवारी सकाळी चर्चच्या दारात पेटी उचलायची वेळ आली. आरेन्ड, त्याचे दोघे भाऊ आणि दोन शेजारी होते. सहावा माणूस फेमीचा दीर होता, पण ऐन वेळी त्याची पाठ धरली. आरेन्डने इकडेतिकडे पाहिलं.

"काका, तुम्ही याल? पुढच्या डाव्या बाजूला?"

एव्हर्ट पुढे झाला. त्याला ते हवं होतं. काहीतरी जड उचलायला मिळावं असं गेले चार दिवस त्याला वाटत होतं. त्याने कोटाच्या बाह्या सारख्या केल्या.

"मी उचलते," हिले म्हणाली.

"अगं, तुझा खुबा," एव्हर्ट म्हणाला. "कबरीपर्यंतचा रस्ता चढाचा आहे. मी आहे ना."

हिलेने आपली काळी पर्स त्याच्या हातात दिली. मग कोट काढला, तोही त्याच्या हातावर ठेवला.

"तू मागे राहा," ती म्हणाली.

ती आपल्या बहिणीच्या उशाशी गेली आणि तिने कडी धरली. आरेन्डने हळूच तीनपर्यंत आकडे मोजले. पेटी वर आली. हिले एकदा डावीकडे कलली, सावरली, आणि सगळे निघाले. खडीवर तिचं पाऊल लंगडत, घसटत पडत होतं, पण पेटी सरळ होती. तिच्या मागोमाग फेमीची मुलं, सुना, नातवंडं, शेजारी, चर्चमधली माणसं चालू लागली. एव्हर्टने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मग दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरून, कोट जमिनीला लागू न देता, तो चालू लागला.