काळ्या मातीत नारळ फुटेना

मी एक जुनी बेसबॉलची बॅट आहे आणि माझ्या पोटाला एक खड्डा आहे. त्या खड्ड्यामुळे एका मुलीची दोन वर्षं वाया गेली. मित्रांनो, ती हकीकत मी आज सांगते. थोडी लाज वाटते, पण खरी आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. अंगाने मी ॲल्युमिनियमची, आतून पोकळ आणि आवाजाला खणखणीत. खोक्यात बसून मी चांदूर रेल्वेला आले. तिथे तेव्हा बेसबॉल म्हणजे चिडून खेळलेलं क्रिकेट, अशीच बहुतेकांची समजूत होती. क्लबचे भगवंतराव सर मात्र वीस वर्षं तो खेळ नेटाने शिकवत होते. त्यांनी मला दामिनीच्या हातात दिलं.

दामिनी अकरावीत होती. तिची आई ज्योत्स्ना कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची. मुलीने कोणता खेळ खेळावा यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. फक्त कपडे स्वतः धुवावेत, एवढंच.

अमरावतीच्या पहिल्याच सामन्यात दामिनीने मला फिरवलं आणि मी अशी वाजले, की शेजारच्या सायकल स्टँडवरचा माणूस खुर्चीतून उठला. पुढच्याच क्षणी चेंडू त्याच्या पत्र्यावर येऊन आदळला. मैदानाबाहेर गेलेल्या अशा फटक्याला होमरन म्हणतात. त्या हंगामात सात सामन्यांत दामिनीने नऊ होमरन मारले. पेपरात फोटो आला. त्यात दामिनी अर्धी आणि मी पूर्ण होते.

मग सत्कार सुरू झाले. अकरा शाली मिळाल्या. ज्योत्स्नाबाई म्हणाली, "घरात माणसं दोन आन् शाली अकरा. आता एखादं ताट-वाटीबी देत जा म्हणा कोणी."

दामिनीमुळे क्लबला सरावासाठी नवी जागा मिळाली. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांच्या हाती नारळ देण्यात आला. पण मित्रांनो, आमची जमीन काळी, भुसभुशीत. तिथे कापूस येतो, तूर येते, पण औषधालाही दगड सापडत नाही. पाहुण्यांनी नारळ जमिनीवर आपटला. तो मातीत रुतून बसला. पुन्हा आपटला, पुन्हा रुतला. पाहुण्यांना घाम फुटला. मागून कोणीतरी म्हणालं, "सायेब, पेरून राहिले का?"

लोक हसले. भगवंतराव सर घाबरले. घाईघाईने त्यांनी मला उचललं आणि जमिनीवर आडवं ठेवलं. "सायेब, हिच्यावर फोडा. लई शुभ बॅट हाये."

नारळ तिसऱ्या दणक्याला फुटला. मी दुसऱ्याच दणक्याला.

टाळ्या वाजल्या. खोबरं वाटलं गेलं. सगळे गेल्यावर सरांनी मला पुसलं तेव्हा त्यांच्या अंगठ्याला खड्डा लागला. बराच वेळ ते अंगठा फिरवत राहिले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी क्लबचा गोल स्टिकर काढला आणि खड्ड्यावर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी दामिनीने विचारलं, "हे काय लावलं सर?"

"क्लबची शान," सर म्हणाले.

पुढच्या हंगामात मी वाजेनाशी झाले. आधी 'टण्ण' वाजायची, आता 'थप्प' वाजू लागले. चेंडू पत्र्याकडे जाण्याऐवजी सरळ वर जाई आणि खालची मुलगी तो अलगद झेली. मला तोंड नाही. चेंडू लागला की जो आवाज निघतो, तेवढंच माझं बोलणं. 'थप्प, थप्प' करून मी दर फटक्याला ओरडून सांगत होते. मैदानात ते एकाच माणसाला कळत होतं आणि तो माणूस मिशी कुरतडत बसला होता.

सर म्हणाले, "खांदा खाली घे." तिने घेतला. सर म्हणाले, "कोपर वर." तिने केलं. ती पहाटे साडेपाचला येई, तळहात सोलेपर्यंत मला फिरवी. क्लबने दुसरी बॅट पुढे केली तेव्हा तिने मलाच छातीशी धरलं. "हिनंच मले नाव देलं. हिले कशी सोडू?" मित्रांनो, त्या दिवशी मला खोकल्याची उबळ यावी आणि स्टिकर उडून जावा असं फार वाटलं.

दोन हंगाम गेले. पेपर तिला विसरला. सत्काराला बोलावणारे रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. ज्योत्स्नाबाईने एके दिवशी शांतपणे सांगितलं, "अकोल्याची निवड तेवढी खेळ. राज्याच्या टीममधी नाव आलं त खेळाडूच्या जागेतून सरकारी भरतीचा अर्ज भरता येते. नाही आलं त मूर्तिजापूरच्या कापडाच्या दुकानात सांगून ठेवलं हाये. पैल्या तारखेपासून."

अकोल्याच्या मैदानावर नियम सोपा होता. प्रत्येक मुलीला तीन वेळा फलंदाजी. त्यावरून सोळा नावं निघणार. सकाळी दामिनीची पहिली पाळी आली. थप्प. झेल. दुसरी पाळी. थप्प. झेल. निवड समितीतल्या एका बाईने वहीत काहीतरी खोडलं. दामिनी येऊन बसली आणि तिने मला गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं.

दुपारी पंच रूपाली मॅडम लोखंडी कडी घेऊन आल्या. प्रत्येक बॅट त्या कडीतून जावी लागते. चेपलेली बॅट अडकते. आमच्या नेहमीच्या सामन्यांत ही तपासणी नसे. कडी सकाळीच यायची होती, पण ती ज्या पेटीत होती त्या पेटीची किल्ली दुसऱ्या पेटीत होती.

माझी पाळी आली. कडी सरकली, सरकली आणि स्टिकरपाशी अडकली. मॅडमने नखाने स्टिकर खरवडला.

"हा खड्डा कशाचा?"

"मले नाही माईत मॅडम," दामिनी म्हणाली.

"तुझी बॅट आणि तुला माहीत नाही? खड्डा पाडून वर स्टिकर? याला फसवणूक म्हणतात. मी तुला आत्ता बाहेर बसवू शकते."

मी सरांकडे पाहत होते. ते बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होते, बांधत होते, पुन्हा सोडत होते. मॅडमने पेन काढलं.

"लिहू नका मॅडम," सर उठले. नाडी सुटलेलीच होती. "खड्डा म्या पाडला. स्टिकरबी म्याच लावला."

"कशाने पाडला?"

"नारळानं."

"बॅटवर नारळ?"

"दगड नव्हता मॅडम."

समितीतले दोघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. दामिनीही नाही.

"दोन वर्सं, सर?" तिने विचारलं.

"हो."

"माहा खांदा बदलवला तुमी. कोपर बदलवलं."

"हो."

"आन् बॅट खराब हाये, हे तुमाले ठाऊक होतं."

"हो बेटा. पैल्या दिवशी सांगायचं राहून गेलं. मंग रोज जास्तच अवघड होत गेलं."

मॅडमने पेन खिशात ठेवलं. "बॅट बाद. मुलगी खेळेल. तिसरी पाळी दुसऱ्या बॅटने."

तेल्हाऱ्याची हर्षा नावाची मुलगी पुढे आली. "माही घे. पण नारळ नको फोडू."

पहिला चेंडू आला. दामिनी चुकली. दोन वर्षं ती नकळत माझ्या खड्ड्याला सांभाळून बॅट फिरवायला शिकली होती आणि आता खड्डा नव्हता. दुसरा चेंडू. पुन्हा चुकली. तीनदा चुकलं की बाद. आता एकच चेंडू उरला. भगवंतराव सर सवयीने ओरडले, "दामिनी, खांदा—"

"चूप बसा सर!"

हे अख्ख्या मैदानाने ऐकलं. सर चूप बसले. तिने खांदा तिला हवा तिथे ठेवला.

तिसरा चेंडू. टण्ण.

होमरन नव्हता. चेंडू जमिनीलगत सूं करत दोन मुलींच्या मधून गेला. दामिनी पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या गादीवर, पोचली तेव्हा तिचा पाय पडल्याचा आवाज मला बाकाखाली ऐकू आला. मी बाकाखालीच पडले होते.

संध्याकाळी यादी लागली. सोळावं नाव दामिनीचं होतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि सर दाराशी उभे राहिले. बडनेऱ्याला त्यांनी चहा आणून दिला. तिने तो घेतला, पण बोलली नाही. चांदूरला उतरताना मात्र म्हणाली, "सकाळी येतो मी. माह्यापासून आता काही लपवजा नोका."

सरांनी मान हलवली. मग वाकून त्यांनी सुटलेली नाडी एकदाची बांधली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तर मी सांगेनच. पण वस्तू कधी ना कधी बिघडतेच. कोणाच्या तरी हातून बिघडते. तुमच्या हातून बिघडली, तर त्याच दिवशी सांगा. पहिल्या दिवशी फक्त बोलणी बसतात. पुढे रोज उशीर होत जातो आणि मग एखादी मुलगी पहाटे उठून, तळहात सोलून, तुमची चूक स्वतःच्या खांद्यात शोधत बसते.