दोनशे एकावं माणूस

आपल्यापैकी कितीतरी घरांत हल्ली हे दृश्य दिसतं. कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्यासमोर नोकरी सोडून ‘स्वतःचं काहीतरी’ करणारं घरातलं एक कर्तं माणूस. ते घरात असतं आणि नसतंही. जेवायला हाक मारली की ‘आलोच’ म्हणतं आणि ताटातलं अन्न निवून जातं.

आपला छोट्या त्यातलाच. वय एक्केचाळीस, पण ज्या आत्यानं लहानाचा मोठा केला ती याच घरात असल्यामुळे नावाला काही बढती मिळाली नव्हती. नोकरी सोडताना बायकोशी ठरलं होतं, मुदत एक वर्ष. तेवढ्यात त्याचं एक तरी ॲप लोक रोज, खरोखर वापरत असले पाहिजेत. नाहीतर निमूटपणे जुन्या कचेरीत परत. बायको शाळेत शिकवायची, शब्दाची पक्की होती.

छोट्या आळशी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उलट त्याचा हात भारी चालायचा. पूर्वी ज्याला चार माणसं आणि सहा महिने लागत, ते काम तो एआयला सांगे आणि आठवड्याभरात ॲप उभं राही. आणि तिथंच घात झाला! अकरा महिन्यांत अकरा ॲप. कुंड्यांना पाणी घालायची आठवण करणारं, हरवलेल्या किल्ल्या शोधणारं, शेजाऱ्याकडे शिडी उसनी मागणारं. एक चाललं नाही तर रडत बसायचं नाही, दुसरं काढायचं, असं त्याच्यासारखे सगळेच एकमेकांना सांगत होते.

त्यातलं सहावं ‘आळीपाळी’. घरात म्हातारं किंवा आजारी माणूस असलं की आज त्याच्याजवळ कोण थांबणार, हे भावंडांना कळवणारं. आणि चमत्कार म्हणजे ते चाललं! वापरणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि तिथंच पाय रोवून उभा राहिला. छोट्या हुरळून गेला आणि लगेच सातव्याच्या मागे लागला.

मुदत संपायच्या रविवारी सकाळी त्यानं लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला. बायको वह्या तपासत होती. आत्या मटार सोलत होती.

“हे बघा, दोनशे एक! रोज येतात. आता नाही म्हणून दाखव.”

बायकोनं लाल पेन खाली ठेवलं. वर्षभरात पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली.

“काय म्हणतात रे?” आत्यानं विचारलं.

“कोण?”

“ही तुझी दोनशे एक माणसं.”

“अगं, त्यांची पत्रं एआय बघतो. तासाभरात प्रत्येकाला उत्तर जातं. मला दर आठवड्याला सारांश मिळतो. सगळे खूश आहेत.”

“म्हणजे तू एकाशीही बोलला नाहीस? वाच की दोन-चार.”

छोट्यानं पत्रं उघडली आणि ऐटीत वाचायला लागला. “‘आपले ॲप उपयुक्त आहे, तथापि रंग अधिक सौम्य असावेत.’ हे दुसरं. ‘आपले ॲप उत्तम आहे, तथापि अक्षरे किंचित मोठी असावीत.’ तिसरं...”

आत्याचा हात थांबला. “छोट्या, घरात आजारी माणूस असताना ‘तथापि’ कोण म्हणतं रे?”

बायको खुदकन हसली. छोट्याही हसला. मग त्याचं हसू विरलं. त्यानं भराभर यादी उघडली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ॲप लोकांपुढे ठेवण्याआधी त्यानं एआयला सांगितलं होतं, चाचणीसाठी दोनशे खोटी माणसं तयार कर. त्यांनी रोज यावं, दिवस वाटून घ्यावेत, तक्रारी कराव्यात. चाचणी संपल्यावर ‘आता यांना काढून टाक’ असं लिहिलं. ‘झालं!’ असं उत्तर आलं. खरंच झालं का, हे बघायला त्याला वेळ कुठं होता? पुढच्या ॲपची कल्पना डोक्यात नाचत होती. तेव्हापासून ती दोनशे माणसं रोज येत होती, एआय त्यांच्या वतीनं पत्रं लिहीत होता आणि उत्तरंही तोच देत होता.

“आणि वरचा एक?” बायकोनं हळूच विचारलं.

वरची एक बाई होती. खरी. भावंडांचं मिळून एकच खातं तिच्या नावावर होतं आणि ते अजून मोजलं जात होतं. तिची सहा पत्रं त्या ढिगाऱ्यात पडली होती.

‘अहो, जरा बघा ना. माझे भाऊ आपसात दिवस बदलून घेतात तेव्हा दोघांनाही दुसऱ्याचंच नाव दिसतं.’ ‘परत तेच झालं. बाबा दुपारपर्यंत एकटे होते.’ पाचव्यात एवढंच, ‘कुणी आहे का तिकडे?’ सहावं सात आठवड्यांपूर्वीचं. ‘आता गरज उरली नाही. माझं नाव काढून टाका. काही लागलं तर खाली नंबर देते.’ प्रत्येकाखाली उत्तर होतं: ‘आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे! दुरुस्ती झाली आहे!’

छोट्यानं कपाळाला हात लावला. “मी एकटा माणूस, आत्या. एवढं सगळं कसं बघणार? म्हणून तर एआयला...”

“त्याला नावं ठेवू नकोस,” आत्या म्हणाली. तिनं एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढली होती. “तू उत्तर दे म्हणालास, त्यानं दिलं. ऐकायचं काम तुझं होतं. आमच्या बोर्डावर दिवा लागला की पलीकडे माणूस आहे असंच धरायचं. आधी ‘बोला’ म्हणायचं. दिवे मोजायला नव्हतं बसवलं आम्हाला! एकटा होतास ना? मग एकच काढायचं आणि त्याच्यापाशी बसायचं. अकरा दारं उघडलीस आणि एकातही उभा राहिला नाहीस.”

छोट्यानं फोन लावला.

“मी आळीपाळीवाला बोलतोय.”

पलीकडून बाईचा आवाज आला, “माणूस बोलतंय ना?”

“हो. मीच केलंय ते ॲप.”

“बाबा गेले हो. त्या गुरुवारी दोघांनाही वाटलं, दुसरा आहे. न्हाणीघरात पडले. संध्याकाळी मी पोचले तेव्हा तसेच होते. पुढं तीन आठवडे काढले.” ती ओरडत नव्हती, हेच छोट्याला सोसत नव्हतं. “भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आता. मी म्हणते, अरे ते ॲपचं चुकलं. तर म्हणतात, ॲपवाल्यानं दुरुस्त केलं म्हणून तूच सांगितलंस ना? आणि खरंच, मीच सांगितलं होतं. तुमचं पत्र आलं होतं ना तसं.”

“माझं चुकलं, ताई.”

“हं,” ती म्हणाली. “माझं नाव तेवढं काढा आता.”

फोन ठेवल्यावर छोट्या तिथंच फरशीवर बसला आणि रडला. मग उठून त्यानं तो बिघाड शोधला. सात मिनिटं लागली! सहा पत्रांपैकी एक जरी वाचलं असतं, तर सात मिनिटांचं काम होतं.

त्यानं दोनशे खोटी माणसं काढली. बाईंचं नाव काढलं. दहा ॲप बंद केली. ‘आळीपाळी’पुढे शून्य उरलं. त्याखाली त्यानं स्वतःचा नंबर लिहिला आणि सोमवारी तो जुन्या कचेरीत परत गेला. बायकोनं त्याला एका शब्दानंही टोचलं नाही.

वाचकहो, आज एकट्या माणसाच्या हातात कधी नव्हती एवढी ताकद आली आहे. ती जरूर वापरा. पण दुसऱ्याच्या घरात जाणारी एखादी वस्तू कराल, तर तिच्याबद्दल कुणी हाक मारली की ‘ओ’ स्वतः द्या. तेवढं जमणार नसेल, तर ती करू नका!

छोट्या आता कामावर जाताना फोनचा आवाज मोठा ठेवून जातो. त्या नंबरावर अजून कुणाचाही फोन आलेला नाही.