चौथं पाणी

मी फळी बोलतेय. घाबरू नका, झोपायला बोलवत नाही. वेळ झाली की तुम्हीच याल, तेही दुसऱ्यांच्या हातांवर. मशिदीत मयताला गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ घालतात, ती माझ्यावर.

सुताराने मला एका बाजूला उतार दिला, पाणी वाहून जावं म्हणून. माप बघायला स्वतःच आडवा झाला आणि म्हणाला, "झकास. पाठ सरळ होते." चौदा वर्षांनी पुन्हा आला पाठ सरळ करायला. त्या वेळी काही बोलला नाही.

मेलेल्यांवर माझा राग नाही. राग येतो तो बाजूला उभ्या असणाऱ्यांचा. कुणाचं घर बसलं तरी यांच्या तोंडात धीर धरायचा एकच उपदेश, "सब्र करा." म्हणायला दोन शब्द, आणि बाह्यासुद्धा भिजत नाहीत.

गल्लीतल्या शिवणवालीची एकुलती लेक तापाने गेली. एकोणीस वर्षांची पोर. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर जनाजा उचलायचा होता. गुसल देणारी म्हातारी, जिला सगळे खाला म्हणतात, तिच्यासोबत आईच तांब्या घेऊन उभी राहिली. डोळ्यांना धार लागलेली, पण हात पक्के. आधी उजवी बाजू, मग डावी, सगळं रीतसर.

मुलीची फुफी, म्हणजे बापाची बहीण, भिंतीला टेकून होती. म्हणाली, "हिला बाहेर न्या. जरा म्हणून सब्र नाही."

"आपा, शेवटची आंघोळ आहे तिची. मला घालू द्या."

"मग तोंड मिटून घाल. अल्लाहची अमानत होती, त्याची ठेव त्याने नेली."

खरं होतं ते. म्हणूनच मला जास्त चीड आली. खरं बोलणं असं दगडासारखं फेकून मारतात का? मला चार पाय दिलेत, पण एकही लाथ मारायच्या कामाचा नाही.

तीन पाणी झाली. शेवटच्यात कापूर पडला. आता फक्त पुसायचं होतं, तर आईने पुन्हा तांब्या बुडवला आणि ओतला. चौथं पाणी. गुसल विषम आकड्यावर संपवायची असते. तीन, पाच, सात. चारवर कुणी थांबत नाही.

"बघा, चुकली," फुफी म्हणाली. "सांगत होते, काढा हिला."

खालाने बादलीत आणखी कापूर चुरला. "चुकली नाही. तिला पाच घालायचीत. आणि सब्र म्हणजे डोळे शिवणं नव्हे गं. आपले नबीसुद्धा लेकासाठी रडले. रबाविषयी तोंडातून वावगं निघालं नाही, तो सब्र. हिच्या तोंडून ऐकलंस काही?"

कुणीच ऐकलं नव्हतं.

"नाही ना? मग ती बादली उचल. हिचा हात भरून आलाय."

फुफीने उचलली. बाह्या भिजल्या तशी तीही हुंदके द्यायला लागली. पोर तिच्याच मांडीवर वाढली होती, हे मला तेव्हा कळलं.

पाचवं पाणी आईने सावकाश घातलं. "बस, झालं," म्हणाली आणि कफन हातात घेतलं. जन्म टाके घालण्यात गेला तिचा, आणि या कापडाला टाका घालायचा नसतो. पदरातली सुई चाचपायला गेलेला हात तिने खाली आणला आणि घडी नीट केली.

आता मशिदीत स्टीलचं टेबल आलंय. चाकं आहेत त्याला, जणू मयताला कुठे उशीर होतोय. मी जिन्याखाली उभी, अंगाला झाडू टेकवलेत. चिडून चिडून तडा गेलाय, पण सांगून जाते. कुणाकडे मयत झालं तर उपदेश करायला जाऊ नका. सब्र ज्याचा त्याला सापडतो, वेळ लागतो. तोवर भरलेली एक बादली उचला. जड असते ती.