एकाच हातचा लेप

"ताटलीला हात लावायचा नाही, आजी. लांबून बघा."

मरियमबाईंनी दोन काचेच्या ताटल्या खिडकीपाशी उजेडात धरल्या. नगरच्या त्या मिशन दवाखान्यात त्यांचा उभा जन्म रक्त तपासण्यात गेला होता. रोग्यांची तोंडं त्यांना ठाऊक नसत, बाटल्या ठाऊक असत. आणि खरं सांगायचं तर बाटल्याच बऱ्या, त्या रडत नाहीत. आज मात्र नेवाशाकडची गोजरबाई थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसली होती आणि हलायला तयार नव्हती.

तिच्या दोन्ही सुना दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. कपच्या उडून दोघींचे हात फाटले. गोजरबाईने दोघींना शेण-हळदीचा लेप लावला. दोघींना ताप भरला, दोघींना इथे आणलं, औषधही एकच. थोरली बनुबाई काल गेली. धाकटी कडूबाई वॉर्डात भाकरी मागत होती. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत म्हातारीचे वाभाडे काढले होते.

"ही बनुबाईची," मरियमबाई म्हणाल्या. "ठिपके दिसतात ना, ते तिच्या रक्तातले जंतू. ताटलीत आम्ही मेंढीचं रक्त घालतो. ठिपक्यांभोवतीचं सगळं रक्त त्यांनी विरघळवून टाकलंय बघा."

"आन् ह्ये?"

"कडूबाईचे. हे त्यामानाने गरीब. रक्ताला धक्का नाही."

"लेप तर येकच हुता." गोजरबाई म्हणाली. "मंग बनुला माज्या हातानं मारलं का मी?"

नाही म्हणायला काय जात होतं? मरियमबाईंच्या ओठांवर आलंही होतं.

"जंतू शेणातून आला का खडीच्या धुळीतून, हे ताटलीत दिसत नाही, आजी. खरं सांगू?"

"सांग. मेलेलं कोंबडं आगीला भेत न्हाई."

"लेपातूनही आला असेल."

म्हातारी "आसंल," एवढंच म्हणाली आणि पदर सावरून उठली. मरियमबाईंना स्वतःचाच राग आला.

कडूबाईला घरी सोडलं त्या दिवशी त्या उगाचच वॉर्डाकडे गेल्या. कडूबाईची पट्टी सैल झाली होती. नर्स पुढे झाली, पण कडूबाईने हात आखडून घेतला आणि शेजारी उभ्या सासूकडे पाहिलं.

"आत्याबाई, तुमी बांधा."

"माजे हात नगं गं, पोरी."

"मग कोन बांधल? घरी काय नर्स येनार हाय व्हय?"

गोजरबाई बाहेर नळावर गेली. साबण लावून तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. कडूबाई हात पुढे धरून तशीच उभी होती.