पोहणारी बाई बुडते कशी

रेडिओवर थोरलीचा आवाज ऐकणाऱ्यांना वाटायचं, ही बाई कधी कशाला घाबरत नसणार. दर आठवड्याला ती विद्यापीठात जाऊन एखाद्या संशोधकाला बोलतं करायची. कधी पोटातल्या जंतूंवर, कधी झोपेवर, कधी म्हातारपणी हाडं का ठिसूळ होतात यावर. कुणी जड शब्दांचा मारा सुरू केला की ती हसत हसत अडवायची, "थांबा, थांबा. हे माझ्या वडिलांना कळेल असं सांगा." श्रोत्यांना ते वाक्य फार आवडायचं. वडील मात्र कार्यक्रम ऐकत नसत. आजारपणाच्या गप्पा निघाल्या की ते उठून झाडांना पाणी घालायला जायचे.

त्या दुपारी ती हृदयाचा अभ्यास करणाऱ्या एका प्राध्यापिकेकडे गेली होती. खोली लहानशी, बाहेरच्या बोळात शीतकपाटांची सतत घरघर, आणि टेबलावर हृदयाची एक प्लास्टिकची प्रतिकृती. तिचा एक कप्पा निसटायचा म्हणून रबरबँडने बांधलेली. बाई बोलायला तुटक होत्या, पण विषय निघाला की खुलायच्या. थोरलीने यंत्र सुरू केलं, आवाजाची पातळी पाहिली आणि गप्पा रंगल्या.

"प्रत्येक ठोक्याला हृदयात वीज खेळते," प्राध्यापिका सांगत होत्या. "ठोका पडला की पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. त्यासाठी पेशींना बारीक बारीक दारं असतात. काही घराण्यांत या दारांत जन्मतःच खोट असते. ती हवी तेवढ्या चपळाईने काम करत नाहीत, म्हणून हृदयाला सावरायला वेळ लागतो. एरवी काही कळत नाही. माणूस धडधाकट दिसतो. पण जोराचा व्यायाम झाला, दचकायला झालं, की ताल बिघडतो. हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. माणूस चक्कर येऊन पडतो. नशीब असेल तर लगेच उठून बसतो."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर उठत नाही. त्यातल्या एका प्रकाराचं आणि पोहण्याचं तर जणू वैर आहे. पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात बुडतो. शवविच्छेदनात हृदय अगदी ठणठणीत दिसतं, कारण बंद पडलेल्या विजेची खूण मागे राहत नाही. मग लोक एकच प्रश्न विचारत राहतात, पोहणारा माणूस बुडतो कसा?"

थोरली हातातला प्रश्नांचा कागद उलटसुलट करू लागली.

हा प्रश्न ती शाळेत असल्यापासून ऐकत आली होती. फक्त तिच्या कानावर यायचा तेव्हा त्यात ‘माणूस’ नसायचा, ‘बाई’ असायची. तिची आई रोज सकाळी गावाबाहेरच्या तळ्यात पोहायची. ते तळं तिला स्वयंपाकघरासारखं पाठ होतं. एका सकाळी ती गेली ती परत आलीच नाही. वारा नव्हता, लाटा नव्हत्या. शेजारपाजारच्या बायका सांत्वनाला यायच्या आणि दाराबाहेर पडल्यावर कुजबुजायच्या, पोहणारी बाई बुडते कशी? मनात असल्याशिवाय? वडिलांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. आईचा विषयच घरातून हद्दपार झाला. थोरलीने त्यानंतर घोट्याच्या वर पाण्यात पाय घातला नव्हता. धाकटी बहीण मात्र हट्टाला पेटली. "आई पोहायची, माझी पोरगी पण पोहणार," असं म्हणून तिने मुलीला, चिमणीला, चालता येऊ लागल्याबरोबर पोहण्याच्या तलावावर नेलं. चिमणी आता शाळेच्या संघात होती.

आणि गेल्याच आठवड्यात ती शर्यतीनंतर काठावर भोवळ येऊन पडली होती. "उपाशीपोटी गेली होती, दुसरं काय," धाकटी फोनवर म्हणाली होती.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" प्राध्यापिकांनी विचारलं.

थोरलीने यंत्र बंद केलं. आई, तळं, चिमणी, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. रेडिओवर तोलून मापून बोलणाऱ्या बाईची वाक्यं एकमेकांत अडकत होती. प्राध्यापिकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"याआधी कधी पडली होती?"

"शाळेत एकदा. धावताना."

"आत्ता कुठे आहे ती?"

थोरलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सरावाला."

प्राध्यापिका उठून उभ्या राहिल्या. "हे बघा, मी इथे बसून निदान करणार नाही. कदाचित खरंच उपाशीपोटी असेल. पण तिचा हृदयाचा आलेख निघेपर्यंत तिने पाण्यात असता कामा नये. तुम्ही निघा. आणि ऐका, तिथे जाऊन आरडाओरडा करू नका. तिला दचकवू नका. मी रुग्णालयात माझ्या सहकाऱ्याला कळवते."

जिन्यावरून उतरतानाच थोरलीने धाकटीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. तलावाच्या कार्यालयात लावला, तिथेही कुणी उचलेना. ती गाडीत बसली आणि निघाली. रस्त्यात एक अवजड ट्रक आडवा लावून कुणीतरी सामान उतरवत होतं. ती काच खाली करून ओरडणार होती, पण कसाबसा आवाज गिळला. जणू ओरडायचं नाही ही अट तिथूनच लागू होती.

तलावाच्या इमारतीत शिरताच क्लोरिनचा वास आणि दमट ऊब अंगावर आली. ती बुटांसकट ओल्या फरशीवरून चालू लागली. धावायला गेली असती तर आपटली असती. एकसारख्या टोप्या घातलेली दहाबारा डोकी पाण्यात वरखाली होत होती. त्यातली चिमणी कुठली?

"बाई, बूट! बूट काढा आधी!" प्रशिक्षक तिच्याकडे झपाझप येत म्हणाला. उंचापुरा, गळ्यात शिट्टी.

"माझी भाची," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "तिला बाहेर काढा. आत्ता. पण शिट्टी वाजवू नका."

"सराव मध्येच थांबवता येत नाही हो. काय झालंय?"

"तिच्या हृदयात दोष असू शकतो. पाण्यात ती बेशुद्ध पडू शकते. तुमच्यासमोर पडली होती ना गेल्या आठवड्यात?"

प्रशिक्षकाचा चेहरा बदलला. त्याने पलीकडच्या टोकाकडे बोट केलं. चिमणी दोऱ्यांनी आखलेल्या सगळ्यात लांबच्या पट्ट्यात होती, तिथे तळ खोल होता आणि तिचे हात सपासप पाणी कापत होते. थोरली काठाकाठाने तिकडे निघाली. मध्येच ते हात दिसेनासे झाले. ती जागीच खिळली. पाणी सपाट, निळं, वर दिव्यांचे पट्टे. पोहता येत नाही हे माहीत असून तिने एक पाय पुढे टाकला.

टोपी भिंतीजवळ वर आली. कोलांटी मारून वळली होती पोरगी.

प्रशिक्षक एव्हाना पुढे गेला होता. त्याने सरावाची एक हलकी फळी पट्ट्याच्या टोकाशी पाण्यात धरली. वेगाने परत आलेल्या चिमणीचा हात तिच्यावर टेकला, तशी ती थांबली आणि पोहण्याचा चष्मा वर सारून धापा टाकत बघू लागली. "मावशी? तू बूट घालून काय करतेयस?"

तेवढ्यात पाठीमागून धाकटी आली. ती वरच्या बाकांवर बसली होती, फोन पिशवीत. काय चाललंय हे कळताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "परवा स्पर्धा आहे तिची! सगळ्यांसमोर हा काय तमाशा? रोज एक नवा आजार घेऊन येतेस तुझ्या त्या कार्यक्रमातून. मागच्या महिन्यात झोप, आता हृदय!"

"एक आलेख काढू. छातीला चार तारा चिकटवायच्या आणि पडून राहायचं, बस. स्वच्छ निघाला तर वर्षभर माझ्याशी बोलू नकोस."

"दोन वर्षं," धाकटी म्हणाली. पण तिने मुलीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि आपली पिशवी उचलली.

आलेख स्वच्छ निघाला नाही. प्राध्यापिकांच्या सहकाऱ्याने कागदावरच्या एका लाटेवर पेन ठेवलं आणि ती कुठे संपायला हवी होती आणि कुठे संपली ते दाखवलं. मग चिमणीच्या आणि दोघी बहिणींच्या रक्ताची तपासणी झाली. चिमणीत दोष होता आणि तो धाकटीकडून आला होता, तिला आयुष्यात साधी भोवळ आली नसली तरी. थोरली सुटली होती. सुटल्याचा आनंद मात्र तिला कुणाला सांगता येईना. औषधाच्या गोळ्या साध्या होत्या आणि त्या नेमाने घेतल्या तर पोरगी म्हातारी होईल, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं. पोहणं मात्र तूर्त बंद. चिमणी दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

आता प्रश्न उरला वडिलांचा. धाकटीत तो दोष आला कुठून? आईकडून, की त्यांच्याकडून?

"मी नाही देणार रक्त," ते म्हणाले. हातातलं वर्तमानपत्रसुद्धा खाली ठेवलं नाही.

"बाबा, साधी सुई आहे," धाकटी म्हणाली. "तुमच्याच तब्येतीसाठी."

"माझं जे व्हायचं ते होऊ दे."

थोरलीला मुलाखतींतून एवढं कळलं होतं की माणूस नाही म्हणतो तेव्हा त्याला दुसराच प्रश्न पडलेला असतो. ती त्यांच्याजवळ बसली. "बाबा, कशाची भीती वाटते?"

त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, मग दुसरं उलटलं.

"माझ्यात निघालं तर?" ते शेवटी म्हणाले. "मग तिच्यात नव्हतं. मग लोक म्हणत होते तेच खरं." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा घातली. "त्या सकाळी आमचं वाजलं होतं. काहीतरी फालतूच. ती बोलली नाही, टॉवेल उचलला आणि गेली. इतकी वर्षं मला कळलेलं नाही की ती पोहायला गेली होती की मला सोडून गेली होती. पण न कळण्याची सवय झालीय आता. ती तरी राहू द्या."

धाकटी ओठ दाबून खिडकीकडे वळली. थोरलीने त्यांना आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चला. परत विचार करायला लावू नका."

निकालाला वेळ लागला. या काळात घरात सगळे एकमेकांशी जपून, पाहुण्यासारखे बोलत. निकाल सांगायला प्राध्यापिकांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. तिघं दाटीवाटीने बसले. या वेळी टेबलावर यंत्र नव्हतं.

"तुमच्यात नाही," प्राध्यापिका वडिलांकडे बघून सरळ म्हणाल्या.

वडिलांनी गुडघ्यावरचे हात उचलले, पुन्हा ठेवले. "म्हणजे तिच्याकडून आलं."

"हो. तुमच्या पत्नीकडून."

"म्हणजे ती..."

"त्या सकाळी पाण्यात काय झालं, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. पण त्यांना हा दोष होता आणि त्या एकट्या पोहत होत्या. माझ्याकडे अशी पुष्कळ कुटुंबं येतात. तुम्ही मला विचाराल, तर मी दुसरं कारण शोधायला जाणार नाही."

धाकटी हुंदके देऊ लागली. थोरलीने तिचा हात धरला. वडील मात्र कोरड्या डोळ्यांनी त्या रबरबँड लावलेल्या हृदयाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलेला प्रश्न थोरलीला इतक्या मुलाखतींत कधी सुचला नव्हता.

"तिला कळलं असेल का? पाण्यात? त्रास झाला असेल?"

प्राध्यापिकांनी आपली खुर्ची थोडी पुढे ओढली. "ताल बिघडला की शुद्ध फार लवकर हरपते. बुडण्याआधीच. नाही, मला वाटतं त्यांना काही कळलं नसेल. बहुधा हात मारता मारताच."

"हात मारता मारता," वडील म्हणाले. त्यांनी मान डोलावली, उठले, आणि त्यांनी हात जोडले. प्राध्यापिका पुढे झाल्या आणि त्यांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

परतताना थोरली गाडी चालवत होती, वडील तिच्या शेजारी बसले होते. पुढच्या चौकात सिग्नलला थांबले असताना वडील एकदम म्हणाले, "मी तिच्यावर रागावलो होतो. दुःख वगैरे लोक समजतात ते नव्हतं. राग होता. दोन लहान पोरी टाकून गेलीस म्हणून." मग थोड्या वेळाने, "आता त्या रागाचं काय करायचं?"

"मला विचारू नका, मी तुमच्यावरच रागावले होते," मागून धाकटी नाक पुसत म्हणाली. "आईचं नाव काढू देत नव्हतात म्हणून."

"काढ की आता. कुणी अडवलंय?"

"तिचं पोहणं कसं होतं?"

वडिलांना हसू फुटलं. "बेशिस्त! पाय इतके आपटायची की काठावरची माणसं भिजायची. आणि वर मलाच म्हणायची, तुम्ही मध्ये उभे राहता. पहिल्यांदा मला तळ्यावर घेऊन गेली ना, तेव्हा..."

घराकडे वळायचा रस्ता आला. थोरलीने आरशात बहिणीकडे पाहिलं, धाकटीने मान डोलावली, आणि गाडी न वळता सरळ पुढे गेली. वडिलांच्या ते लक्षातही आलं नाही. ते बोलत होते.