शुक्रवारी सात ते आठ

माझी मोठी बहीण केर्तू सहा वर्षांनी हेलसिंकीला येणार होती, तीही सहा तासांसाठी. टोरंटोहून तिबिलिसीला जाताना तिला इथे विमान बदलायचं होतं. विमानतळावरची तपासणी आणि दोन्ही बाजूंचा प्रवास वजा केला, तर घरी उरत होते दोन तास चाळीस मिनिटं. हा हिशेब मी आईला सांगितला.

"म्हणजे सॉना होईल," ती म्हणाली.

आमच्या इमारतीच्या तळघरात एकच सॉना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, आहे आणि प्रत्येक घराला आठवड्यातला एक तास नेमून दिलेला. शुक्रवारी सात ते आठ हा तास मिळावा म्हणून आईने अकरा वर्षं वाट पाहिली होती. मी दोन थांबे पलीकडे वेगळी राहते, पण शुक्रवारी सातला येतेच. आई एरवी फार बोलत नाही. सॉनात बोलते. बाबांबद्दल मला जे ठाऊक आहे ते बहुतेक सगळं वरच्या फळीवर बसून ऐकलेलं. केर्तूला त्यातलं निम्मंही माहीत नसणार, या विचाराने मला बरं वाटायचं.

केर्तू येणार होती मंगळवारी. मंगळवारी दोनचा तास तिसऱ्या मजल्यावरच्या रौतिओंचा. "मी त्यांच्याशी बदलून घेतलाय," आई म्हणाली. मी प्रयोगशाळेतून रजा काढली.

त्या दिवशी आई तिला आणायला स्टेशनवर गेली. माझ्यासाठी ती कधी ट्रामच्या थांब्यापर्यंतही आलेली नाही. निघताना म्हणाली, "वेन्ला, एक वाजता शेगडी लाव. विसरू नकोस." गेली तीन वर्षं दर शुक्रवारी सॉनातली ती विजेची शेगडी मीच लावते आहे.

एकला पाच कमी असताना मी खाली गेले. दाराशेजारी तासांचा तक्ता टांगलेला असतो. शुक्रवार, सात ते आठ: आमचं आडनाव खोडून तिथे रौतिओ लिहिलेलं. मंगळवार, दोन ते तीन: रौतिओ खोडून आमचं. दोन्ही शाईने. एका आठवड्यापुरती बदली असली की आमच्याकडे पेन्सिलीने लिहितात.

शेगडीवरचे दगड तापून तापमानाचा काटा ऐंशीवर जायला पंचावन्न मिनिटं लागतात, हे मी मोजलेलं आहे. बटणावर हात ठेवला. मग काढला आणि कपडे बदलायच्या खोलीत बाकावर जाऊन बसले. एक पस्तीसला बटण फिरवलं.

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही तिघी आत गेलो तेव्हा काटा त्रेपन्नवर होता. केर्तू खालच्या फळीवर बसली, पाहुण्यासारखी. तापल्या दगडांवर पहिलं पाणी आमच्याकडे आई टाकते. आज तिने लाकडी पळी केर्तूपुढे धरली. "तू टाक."

केर्तूने टाकलं. चर्र आवाज यायला हवा होता. पाणी दगडांवरून ओघळून खाली ठिबकलं. आईने दगडांकडे पाहिलं, मग केर्तूकडे वळली.

"कसं वाटतंय?"

"छान. आमच्या तिकडे व्यायामशाळेत असतं, अगदी तसंच."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण आई बोलायला लागली. "तू तान्ही होतीस ना, तेव्हा तुझे बाबा तुला कपड्यांच्या टबात घालून इथे आणायचे. खालच्या फळीवर बसून ट्रामचं वेळापत्रक वाचून दाखवायचे."

"हो गं, फोनवर सांगितलं होतंस की," केर्तू म्हणाली.

मला कधीच सांगितलं नव्हतं.

अंग पुसताना केर्तू माझ्याजवळ सरकली. "शेगडी उशिरा लावलीस ना?"

"हो."

"बरं केलंस. मला आता एवढं गरम सोसत नाही. आईला कसं सांगायचं, या काळजीत अख्खा समुद्र ओलांडला मी." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "शहाणी आहेस."

मला तिच्या वाट्याचं थोडं बिघडवायचं होतं, तेही जमलं नव्हतं.

चार पंचवीसला ती वेलदोड्याचे चार बन कागदात बांधून घेऊन गेली. आई कप विसळत होती.

"दगड थंड होते."

"हो."

"किती वाजता लावलीस?"

"एक पस्तीस. शुक्रवार का दिलास?"

"रौतिओ एका दिवसासाठी द्यायला तयार नव्हते. कायमचा बदलायचा असेल तर बोला, म्हणाले."

"आणि तू बोललीस."

"तू काय, कुठल्याही वारी येशील. तिचं तसं नाही."

हे कौतुक होतं की नाही, ते मला ट्राममध्ये बसूनही ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं, दर मंगळवारी दीडला सुटले आणि बदल्यात सकाळी सहाला आले तर चालेल का. "परत बहीण येणार आहे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही, आई आहे.

पुढच्या मंगळवारी शेगडी आईनेच लावली होती. काटा ब्याऐंशीवर. आम्ही वरच्या फळीवर बसलो आणि तिने पळी माझ्याकडे दिली. मी ती हातात तशीच धरून ठेवली.

"टबाची गोष्ट मला का नाही सांगितलीस?"

"तू कुठे होतीस टबात?"

"मग माझ्या वेळी काय वाचायचे?"

आईने आठवून पाहिलं. "तुझ्या वेळी काही नाही वाचायचे. तू त्यांच्या पोटावर झोपून जायचीस. ते नुसते बसून राहायचे."

"किती वेळ?"

"तास संपेपर्यंत. पुढची माणसं दार वाजवायची तेव्हा उठायचे."

मी पाणी टाकलं. दगड चरचरले, वाफ कानांपर्यंत आली. ट्रामचं वेळापत्रक वाचायला किती वेळ लागत असेल? अगदी सावकाश वाचलं तरी दहा मिनिटांच्या वर नाही.