चेअरमन पाइप भरतात

आमच्या दूध संघाचे चेअरमन लाउरिड्स ब्येर यांना सगळं मोर्स बेट शहाणा माणूस म्हणून ओळखायचं. या शहाणपणाला लागणारं सामान त्यांच्या कोटाच्या एका खिशात मावत असे: पाइप, तंबाखूची चामडी पिशवी, लोकर गुंडाळलेल्या बारीक तारा, छोटा चाकू आणि पितळेचा दट्ट्या. मी गुड्रुन, डेअरीच्या मॅनेजरची बायको. आमचं घर डेअरीला लागूनच, संघाच्या मालकीचं. चेअरमन कॉफीला माझ्याच स्वयंपाकघरात बसायचे, त्यामुळे हे शहाणपण कसं तयार होतं ते मी अगदी जवळून पाहिलेलं आहे.

कुणी विचारावं, "लाउरिड्स, नवा बॉयलर घ्यावा का हो?" चेअरमन आधी पाइपाच्या वाटीत डोकावणार, उत्तर तिथेच कुठेतरी पडल्यासारखं. मग राख ठोकून काढायची. मग चाकूने आतली काजळी खरवडायची, पण सगळी नाही; नाण्याच्या जाडीएवढा थर ठेवलाच पाहिजे, नाहीतर लाकूड जळतं. मग दांडी सोडवून तिच्यातून तार घालायची, बाहेर आलेला तपकिरी चिकटा उजेडात धरून बघायचा आणि मान हलवून दुसरी तार घ्यायची. मग तंबाखू. पहिली चिमूट लेकराच्या हाताने दाबायची, दुसरी बाईच्या, तिसरी गड्याच्या, असं आमच्याकडे म्हणतात, आणि चेअरमन तिन्ही हात सावकाश वापरायचे. एवढं करून पहिली काडी लावली की ती आग विझू द्यायची असते. फुगून वर आलेली तंबाखू दट्ट्याने बसवायची आणि मग खरी काडी.

तोवर विचारणारे आपसात भांडून, दमून, काहीतरी ठरवून मोकळे झालेले असायचे. मग धुराच्या आडून आवाज यायचा, "हं. माझ्याही मनात साधारण हेच होतं."

बॉयलर असाच घेतला गेला. नवे पाद्री असेच ठरले. क्रेस्टन वाड आणि त्याचा भाऊ बांधावरून कोर्टात जायला निघाले होते, ते चेअरमनसमोर बसून एका पाइपात समेट करून उठले आणि नाताळला दोघांनी चेअरमनकडे वेगवेगळा हंस पाठवला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या गावाने ती मूठ एकदाही उघडून पाहिली नव्हती.

त्यांची बायको डाग्नी एकदा बटाटे सोलता सोलता मला म्हणाली, "आमचं लग्नसुद्धा असंच झालं गं. मी वैतागून विचारलं, करायचंय का नाही एकदाचं? तर हा तार घालत बसला. शेवटी माझा बाप म्हणाला, अगं, हो म्हणतोय तो."

"आणि तू मानलंस?"

"काय करू? बापाला घाई होती."

त्या वर्षी शहरातल्या मोठ्या डेअरीने आमचा संघ गिळायचं मनावर घेतलं. त्यांचे टँकर दारोदार येऊन दूध नेणार, आमची डेअरी बंद. म्हणजे माझ्या थोरवाल्डची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर घरही गेलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, जन्मभर चीज करण्यापलीकडे दुसरं काही शिकला नाही, त्याला कोण दारात उभं करणार? तसं मत आमच्या बाजूने होतं. संघात गायी कितीही असोत, मत माणशी एकच, आणि दोन-चार गायींवाले सगळे डेअरी टिकावी म्हणणारे. फक्त ते मोठ्या गोठेवाल्यांसमोर बोलायला घाबरायचे. जो तो म्हणे, "चेअरमन काय म्हणतात बघू." चेअरमननी सभेत एकदा 'नाही' म्हटलं असतं, तर विषय संपला असता.

म्हणून मी त्यांच्याकडे गेले. "लाउरिड्स, सभेत तुम्ही नाही म्हणाल ना?"

त्यांनी पाइप काढला. मला ही खोड माहीत होती, म्हणून मी जीभ दाताखाली धरून बसले. काजळी झाली, तार झाली, तिन्ही हात झाले. पहिली काडी विझली आणि माझा धीर सुटला. म्हटलं, "म्हणजे आमची डेअरी बंद झालेली तुम्हालाही बघवणार नाही, असंच ना?"

"हं. माझ्याही मनात साधारण हेच होतं."

मी उड्या मारत घरी आले. थोरवाल्ड त्या दिवशी शीळ घालत चीजची मोठी टाकी धूत होता.

सभा रविवारी दुपारी, गावच्या सभागृहात. आम्ही बायका कॉफी ओतत होतो, केक कापत होतो. मत देणारे तो खात होते. मोठ्या डेअरीतर्फे एबे स्टेनागर नावाचा गृहस्थ आला होता. तो चार वाक्यं बोलून खाली बसला. क्रेस्टन वाड उठला. "चेअरमन, तुमचं मत सांगा. मग हात वर करू."

चेअरमननी पाइप काढला. आणि स्टेनागरने खिशात हात घालून आपलाही पाइप काढला.

 आजवर चेअरमन भरत असताना समोरचा बोलत राहायचा, हाच सगळा खेळ होता. इथे समोरचाही खाली मान घालून काजळी खरवडायला लागला. दोन तारा आत गेल्या, दोन बाहेर आल्या. सभागृहात कपबशीचा आवाज तेवढा येत होता.

तीन गायींच्या मारिउसला शांतता कधीच सोसवत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "तसं टँकर दारात आला, तर बर्फात कॅन ओढायला नकोत म्हणा."

कुणी खोडून काढलं नाही. चेअरमन दुसरी चिमूट दाबत होते.

"माझी कंबर तर त्या कॅनांनीच गेली," मागून कुणीतरी.

"बॉयलरही आता कुरकुरतो," क्रेस्टन म्हणाला. "दुरुस्त करायचा म्हणजे खर्च आलाच."

"आणि शहरातले पैसे वेळेवर देतात म्हणे."

स्टेनागरने दट्ट्या फिरवला. त्याला काही बोलायची गरजच नव्हती, त्याचं काम आमचीच माणसं फुकटात करत होती. थोरवाल्ड दाराशी टोपी हातात धरून उभा. नोकर म्हणून त्याला मत नव्हतं, पण तोंड होतं. तोही चेअरमनकडेच बघत होता. दुसरी काडी लागेपर्यंत गावाने डेअरी बंद केली होती आणि धुराडं पाडायचं की ठेवायचं यावर चर्चा चालली होती.

धूर वर गेला. "हं," चेअरमन म्हणाले. "माझ्याही मनात साधारण हेच होतं."

हात वर गेले. मारिउसचाही गेला.

मी किटली टेबलावर आपटली, सरळ जाऊन चेअरमनच्या तोंडातला पाइप काढून घेतला. आमच्याकडे माणसाची टोपी उडवली तर चालते, पण पाइपाला कुणी हात लावत नाही. डाग्नीने हातातली सुरी खाली ठेवली.

"आता बोला, लाउरिड्स," मी म्हटलं. "सभेआधी तुमच्या मनात काय होतं?"

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. ओठ आता तोंडात नसलेली दांडी शोधत राहिले. धुराशिवाय तो चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहिला. साधा, भेदरलेला चेहरा होता.

"मला वाटलं," ते म्हणाले, "कुणीतरी नाही म्हणेल."

मारिउस खालच्या आवाजात म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्ही म्हणाल."

 मला तेवढ्यातही आशा वाटली, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता कुणीतरी उठेल, म्हणेल की पुन्हा मोजा. क्रेस्टन वाड खरंच उठला. त्याने घसा साफ केला.

"चेअरमननी अवघड प्रसंगी योग्य मार्गदर्शन केलं," तो म्हणाला, "त्याबद्दल मी आभाराचा ठराव मांडतो."

सभागृहाने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि सगळे हात एकदम वर गेले. दाराशी थोरवाल्डचाही हात वर होता. मत नसताना.